माळव्यातील हिंदी मंडळीच्या जुन्या नोंदवहीत मराठी आणि मोडी कशी आली?

कौलारू (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या पश्चिमेला बसने दोन-अडीच तासांवर असलेल्या एका लहान गावातील प्रॉटेस्टंट मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला. नोकरीच्या निमित्ताने इंदूरला येऊन तीस वर्षे झाली असली, तरी नाताळची उपासना आम्ही अजूनही तिथेच जाऊन करतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पंचवीस-तीस घरांच्या मंडळीत गावाचे नाव सांगितले की माणसेही ओळखू येतात. पास्टरेट कमिटीने मंडळीच्या इतिहासाची छोटी पुस्तिका काढायचे ठरवले आणि ‘तुमचे अक्षर चांगले आहे’ एवढ्या कारणावरून ते काम माझ्या गळ्यात पडले.

चर्चची इमारत साधी आहे. जाड चुनेगच्ची भिंती, वर मंगलोरी कौले, बुरूज नाही. घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा कडुनिंबाला तारेने टांगलेला आहे आणि तो वाजवायचा लोखंडी दांडा शेजारच्या कोनाड्यात असतो. पुढे शेजारच्या सरकारी शाळेनेही तसाच तुकडा टांगला, त्यामुळे दोन आवाजांत आता फरक उरला आहे तो फक्त वाराचा. भिंतीवर एकच संगमरवरी पाटी असून तीवर कॅनडातून आलेल्या मिशनऱ्यांची नावे आहेत. आजवर आमचा इतिहास म्हणजे ती पाटी, असेच सगळे धरून चालले होते.

पुस्तिकेसाठी पाळकसाहेबांच्या घरातील पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तिच्या तळाशी बाप्तिस्म्याची पहिली नोंदवही मिळाली. खालचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, पण नोंदी 1900 पासूनच्या आहेत आणि वाचता येतात. रकाने असे: नाव, बापाचे नाव, अदमासे वय, तारीख, बाप्तिस्मा कोणी दिला आणि शेरा. आमच्याकडे उपासना कायम हिंदीतच होत आली आहे. असे असूनही ही वही मराठीत आहे. मंडळीला ‘मंडळी’च म्हटले आहे, हिंदी चर्चमध्ये म्हणतात तसे ‘कलीसिया’ नव्हे. त्याहून नवल म्हणजे शेरा हा रकाना बहुतेक ठिकाणी मोडीत भरलेला आहे. बापाच्या नावाच्या रकान्यात पानेच्या पाने ‘ठाऊक नाही’ एवढेच लिहिलेले आहे.

कॅनडाच्या मिशनने चालवलेल्या, हिंदी बोलणाऱ्या मंडळीत ही मराठी कुठून आली असावी? पाटीपलीकडचा इतिहास लिहायचा तर आणखी काय आणि कुठे शोधावे? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

नगरकर_जुने

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण पुस्तिका काढणारे बहुतेक जण पेटी उघडतच नाहीत, पाटी उतरवून घेतात आणि खाली देणगीदारांची यादी जोडतात.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन माळव्यात 1877 मध्ये आले. जे. एम. डग्लस इंदूरला उतरले, फ्रेझर कॅम्पबेल महूला गेले आणि पुढे त्यांनी रतलाम उभे केले. मराठी मुलखातील मिशनला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईला 1813 मध्ये पोहोचले, आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) 1831 मध्ये ठाणे बसले आणि ‘ज्ञानोदय’ 1842 पासून निघू लागला. म्हणजे डग्लससाहेब हिंदीची बाराखडी गिरवत होते, तेव्हा नगर, जालना, पुणे या भागांत शिकलेले मास्तर, उपदेशक आणि हिशेब ठेवणारे ख्रिस्ती कारकून यांची दुसरी पिढी तयार झालेली होती. नव्या मिशनला पैसा समुद्रापलीकडून मिळत असे, पण शाळा उघडणारी आणि वही लिहिणारी माणसे मिळायला हवीत तर ती जवळच्या मुलखातूनच.

त्यात माळव्याची आणखी एक गंमत आहे. होळकर, धारचे पवार आणि देवासच्या दोन्ही पात्या ही सगळी मराठ्यांची संस्थाने. दरबारी कागद मराठीत आणि मोडीत चाले. गावात जागा हवी असो, विहिरीचे पाणी हवे असो किंवा कुणाविरुद्ध गाऱ्हाणे न्यायचे असो, अर्ज लिहिणारा माणूस मोडी जाणणारा असणे सोयीचे होते. आपली वही लिहिणारे मास्तर असेच कुणीतरी असावेत हा माझा तर्क आहे. पुरावा वहीतच मिळेल. ‘पाळक’ लिहिले आहे की ‘पादरी’, ‘वडील’ लिहिले आहे की ‘प्राचीन’, हे पाहावे. मराठी मंडळ्यांत सेशनच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सभेच्या, सभासदाला वडील म्हणतात आणि हिंदी मंडळ्यांत प्राचीन. एका शब्दावरून लिहिणाऱ्याचे माहेर कळते.

आता कागद कुठे शोधावेत ते सांगतो. कॅनडातील प्रेस्बिटेरियन चर्चचा मोठा भाग 1925 मध्ये मेथडिस्ट व काँग्रिगेशनल मंडळ्यांशी एक होऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झाला, आणि माळव्यातील काम त्या चर्चकडे गेले. जे या एकीत गेले नाहीत त्यांच्याकडे जोबट-आमखूटकडचा भिल्ल मुलूख आणि झाशी राहिली. त्यामुळे आपले गाव इंदूर-धार-रतलाम या बाजूचे असेल तर वार्षिक अहवाल युनायटेड चर्चच्या दफ्तरात पाहावेत आणि आलिराजपूरच्या बाजूचे असेल तर प्रेस्बिटेरियन चर्चच्या दफ्तरात. दोन्ही दफ्तरे टोरोंटोत आहेत, पण एकाला लिहून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

इकडे 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. त्यात आपले माळव्याचे प्रेस्बिटेरियन आणि आमचे नगरचे काँग्रिगेशनल एकाच छताखाली आले. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ज्या मंडळीचा कारभार वडिलांचे सेशन पाहत होते, तिच्यावर त्या दिवसापासून बिशप आले. हा बदल लहान गावातील वृद्धांना कसा वाटला, हे आठवणारी माणसे अजून असतील. त्यांना आधी भेटावे, टोरोंटो कुठे पळून जात नाही.

शेवटी एक विनंती. पेटीत सेशनच्या सभांची वही असेल तर ती जरूर वाचावी. कुणाला प्रभुभोजनापासून किती महिने दूर ठेवले, कशासाठी ठेवले, दारूसाठी, भांडणासाठी की मुलीचे लग्न बाहेर करून दिले म्हणून, आणि मग पुन्हा कसे घेतले, हे सारे त्या वहीत असते. खरी मंडळी तिथे भेटते. मात्र त्यातली नावे छापू नयेत.

राजवाडा_चौक

इंदूरचे लाल चर्च याच मिशनचे का? आम्ही लहानपणापासून तसेच ऐकत आलो.

नगरकर_जुने

नाही. लाल चर्च कॅथलिक आहे. पांढरे चर्च रेसिडेन्सीतील इंग्रजांसाठी बांधलेले, चर्च ऑफ इंग्लंडचे. कॅनडावाल्यांची इंदूरमधील ठळक खूण म्हणजे जॉन विल्की यांनी 1887 मध्ये काढलेले ख्रिश्चन कॉलेज. किशोरकुमार तिथे शिकले एवढेच आता लोकांना ठाऊक असते, आणि त्यालाही माझी हरकत नाही.

केडगावची_नात

नगरकरांनी पुरुषांची वाट सांगितली. मराठी आणखी एका वाटेने आली, ती बायकांची आहे, आणि माझी आजी त्या वाटेने आली म्हणून लिहिते.

मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाई तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुलींना आणि बालविधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्तिसदन वाढले. त्या मुलींत माझी आजी होती. वय सात की आठ, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते. गावाचे नावही आठवत नव्हते. आठवत होते ते एवढेच, की नदीचा पलीकडचा काठ दिसत नसे, म्हणून आम्ही ती नर्मदा धरतो. हिंदी बोलणारी ही मुलगी केडगावला मराठी झाली, शिवण शिकली, छापखान्यात खिळे जुळवायला शिकली, आणि माळव्यातील एका मिशन शाळेच्या मास्तरांशी तिचे लग्न लागले. ते मास्तर जालन्याकडचे होते. म्हणजे मध्य हिंदुस्थानातून निघालेली मुलगी मराठी होऊन पुन्हा मध्य हिंदुस्थानात आली.

मास्तर शाळेत हिंदी शिकवीत आणि घरी मराठी बोलत. आजीने मंडळीतील बायकांना नारायण वामन टिळकांची भजने शिकवली, कारण तिला तीच येत होती. ती अभंगाच्या चालीवरची असल्यामुळे जात्यावर म्हणता येत. ऑर्गनवर म्हणायची, इंग्रजी चालींची गीते तिला कधी आवडली नाहीत. ती म्हणे, त्या गाण्यांत श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही. बायकांना अर्थ अर्धाच कळे, पण चाल पक्की बसली. माझ्या लहानपणी भिलाला या आदिवासी समाजातील एक आजी त्यातले एक भजन संपूर्ण म्हणत असे, आणि एकाही मराठी शब्दाचा अर्थ विचारला तर हसून पदर तोंडाला लावत असे. आपल्या मंडळीत वृद्ध बायका असतील तर त्यांना भजने म्हणायला सांगावे. वहीतील मराठी कुणा एकाच्या हातची असेल, भजनातील मराठी मात्र घरोघर गेलेली असते.

मंडळी गावासाठी काय करत होती हे लिहिताना दवाखाना आणि शाळा यांवर सगळे लिहितात. मी आपल्याला हंगामाच्या सणाबद्दल लिहायला सुचवीन. ज्वारीची कणसे, हरभऱ्याची घाटी, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे वेदीपुढे मांडायचे आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव व्हायचा. लिलाव ऐकायला गावातील शेतकरी, बोहरी दुकानदार असे सगळे यायचे, कारण बोली लावायला धर्म लागत नसे. एका वर्षी एकच भोपळा तीन वेळा विकला गेला. घेणारा तो पुन्हा वेदीपुढे नेऊन ठेवी आणि लिलाव पुन्हा सुरू होई. चौथ्यांदा आजीनेच तो उचलला, कारण तिच्या मते त्याची भाजी आता झालीच पाहिजे होती. पाळकांच्या पगारातील मोठा भाग त्या दिवशी जमे. उरलेला मूठभर धान्यातून यायचा. रोज चुलीवर आधण ठेवताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि महिन्याने ते मडके चर्चला न्यायचे. कॅनडाचा पैसा आटल्यावर मंडळी कशावर जगली, हे पाटीवर कुठेही लिहिलेले नसते.

छावणीकर

मी ख्रिस्ती नाही. आमचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. धागा अतिशय चांगला चालला आहे, तरी एक अवघड मुद्दा कुणी काढलेला दिसत नाही, म्हणून तो आदराने मांडतो.

नोंदी 1900 पासूनच्या आहेत आणि बापाच्या नावापुढे ‘ठाऊक नाही’ असे आहे, म्हणजे ही छप्पन्याची मुले. विक्रम संवत 1956 चा तो दुष्काळ माळव्यात आणि गुजरातेत आजही नुसते ‘छप्पन’ म्हटले तरी म्हाताऱ्यांना कळतो. उपाशी मुलाला भाकरी देऊन त्याचा बाप्तिस्मा करणे याला काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वीपासून विचारला जाई. 1880 च्या सुमारास होळकर दरबाराने शहरात रस्त्यावरच्या प्रचाराला मनाई केली होती आणि तो वाद व्हाइसरॉयपर्यंत गेला होता. रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल असल्यामुळे मिशनचा जीव तिथे राहिला. त्या वादात पणजोबा अर्थातच दरबाराच्या बाजूचे.

असे असले तरी त्याच घरात माझ्या पणजीच्या दोन बाळंतपणांना मिशनची डॉक्टरीणबाई आली होती. पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर हात लावू शकत नसे. एलिझाबेथ बीटी 1884 मध्ये आणि मॅरियन ऑलिव्हर 1886 मध्ये इंदूरला आल्या, त्यामुळे प्रचारकाला बंद असलेले दार डॉक्टरीणबाईला उघडले. धारला मार्गारेट ओहारा यांनी पुढे हेच केले. पणजोबा बाईंना दिंडी दरवाजाने आणत आणि त्या गेल्यावर ओसरी धुऊन घेत, आणि बिदागीही चोख देत. या दोन्ही गोष्टी पुस्तिकेत याव्यात असे मला वाटते. नुसते उपकार लिहिले तर आमच्यासारखे वाचक पहिल्याच पानावर पुस्तिका मिटतील.

नगरकर_जुने

छावणीकर, ओसरी धुण्याची आठवण आपण लपवली नाही, त्याबद्दल आभार. भाकरीचा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. सहा वर्षांच्या मुलाने धर्म निवडला असे कोणताही प्रामाणिक पाळक म्हणणार नाही. ते मूल त्या घरात वाढले, एवढेच खरे आहे. निवड झाली असेल तर ती पुढे झाली, मोठे होऊन मिशनची नोकरी सुटल्यावरही ज्यांनी मंडळी सोडली नाही त्यांची, आणि ज्यांनी सोडली त्यांचीही. कौलारू यांनी वहीत निघून गेलेल्यांची नोंद शोधावी. बहुतेक पुस्तिकांत आलेल्यांचीच संख्या असते.

मोडीचा शेरा तिथे कामाला येईल असे वाटते. ती पाने वाचून घेतलीत का?

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मोडी वाचणारे मिळणे इंदूरसारख्या शहरातही आता सोपे राहिलेले नाही. शेवटी नंदलालपुऱ्याजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी, जे घरच्या इनामाच्या कागदांमुळे मोडी शिकले होते, भिंग घेऊन दोन दुपारी बसून शेरे वाचून दिले. त्यांनी चहाखेरीज काही घेतले नाही. वहीवर चहाचा डाग पडू नये म्हणून कपही ते खिडकीत ठेवत होते.

‘पाळक’ आणि ‘वडील’ हेच शब्द आहेत, म्हणून नगरकरांचा तर्क बरोबर ठरतो. शेरे अगदी त्रोटक आहेत. सर्वांत अधिक वेळा ‘ज्वर, मयत’ असे आहे, आणि पहिल्या पावसाळ्यातील पानांवर ते एकाखाली एक येते. वाचणारे काका तिथे काही वेळ थांबले होते. काही नावांपुढे ‘पळाला’ आहे. एका ठिकाणी ‘पळाला’ खोडून ‘आला’ आणि तेही खोडून पुन्हा ‘पळाला’ असे आहे. तो मुलगा मला त्या वहीतील सर्वांत जिवंत माणूस वाटला. चार नावांपुढे ‘मामा आला, नेले’ किंवा ‘बाप जिवंत, नेले’ असे स्पष्ट आहे. छावणीकर यांचा प्रश्न मी टाळणार नाही, त्याच पानावर हे चार शेरेही देईन. दोन्ही एकत्र वाचून ज्याने त्याने काय ते ठरवावे.

आणखी एक गोष्ट काकांच्या लक्षात आली, माझ्या आली नसती. बापाच्या नावाच्या रकान्यात ‘ठाऊक नाही’ हे पाच मुलांच्या बाबतीत खोडलेले असून वर दुसऱ्या, अधिक काळ्या शाईत एकच मराठी नाव लिहिलेले आहे. ते हस्ताक्षर शेरे लिहिणाऱ्याचेच आहे. लग्नाच्या वहीत हीच पाच मुले त्या नावानिशी येतात. म्हणजे मास्तरांनी लग्ने ठरवायच्या वेळी आपलेच नाव बाप म्हणून लावले असावे. संगमरवरी पाटीवर या मास्तरांचे नाव नाही. त्यांच्या वंशजांची दोन घरे आज मंडळीत आहेत आणि ती आपल्याला ‘नगरकडचे’ म्हणवतात. यातले रक्ताचे किती आणि शाईचे किती, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितलेलेही नाही. कमिटीत यावर मतभेद आहेत. एक वडील म्हणतात की मास्तरांचे नाव छापलेच पाहिजे, दुसरे म्हणतात की त्या दोन घरांना आधी विचारावे. मला दुसऱ्यांचे पटते, म्हणून पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जाणार आहे.

केडगावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे भजनाची चौकशीही केली. आमच्याकडे ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई आहेत. त्यांनी पायरीवर बसून टिळकांचे भजन म्हटले, तिसऱ्या कडव्यात अडल्या, आणि पुढचे त्यांच्या सुनेने स्वयंपाकघरातून पूर्ण केले. सून बडवानीकडची आहे आणि तिला मराठी येत नाही. ताई, आपल्या आजी कोणत्या गावी राहत होत्या, हे इथे नको, पण व्यक्तिगत निरोपात कळवाल का? मास्तर जालन्याकडचे होते असे आपण लिहिले आहे. आमच्या वहीत एका जालनेकर मास्तरांची 1911 मध्ये बदली होऊन आल्याची नोंद आहे आणि पत्नीच्या नावापुढे ‘मुक्ति, केडगाव’ असे आहे.

केडगावची_नात

निरोप पाठवला आहे. आजीचे नाव त्यात लिहिले आहे. आधी वहीशी ताडून पाहा, मग मला कळवा. घाई नाही, पण फोन रात्री केला तरी चालेल.